न तोडलेला धागा

१२ डिसेंबर १९५३, पनवेल

आज दोन प्रहरी मालूसह येथे सुखरूप पोहोचलो. खंडाळ्याचा घाट उतरताना मोटारीचा वेग आवरता ठेवावा, अशी मी चालकास पुण्यातच विनंती केली होती. त्याने ती मानली, म्हणून उतरताना त्याचे आभार मानले. मालू हसू लागली. तिच्या मते मी आभारसुद्धा सरकारी खलित्याच्या भाषेत मानतो. तिला सातवा महिना आहे आणि एवढ्या प्रवासानंतरही तिला हसू येते, ही समाधानाची गोष्ट होय.

आमची आई हयात नाही. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाचे माहेर म्हणजे मीच. तिचे यजमान कमळाकरराव भुसावळला रेल्वेत आहेत. त्यांनी तिला मोठ्या विश्वासाने माझ्या स्वाधीन केले आहे. माझी नेमणूक कळंबोलीच्या खाडीकाठच्या मिठागरांवर निरीक्षक म्हणून झाली. तेथील मुकादम बळीराम बैलगाडी घेऊन टपाल नाक्यावर उभा होता. माझी पुस्तकांची पेटी उचलताना तो म्हणाला, "सायेब, मिठागरावं आलाव, आता तुमच्या कालवनाला मीठ कमी पराचा नाय." हा विनोद मला थोडा उशिरा उमगला.

लाइन आळीतील हे घर लहान पण स्वच्छ आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे गोड्या पाण्याची विहीर आणि पेरूचे एक झाड. ओसरीवर माझे टेबल मांडले आहे. मालूस आतली खोली दिली; तेथे दुपारी खिडकीतून भरपूर ऊन येते. पुण्याचे घर सोडताना मला जे वाटेल असे भय होते, ते वाटले नाही.

१६ डिसेंबर

बळीरामची आई ठमाबाई या भागातील नावाजलेली सुईण आहे. आज ती मालूस पाहून गेली. धिप्पाड बाई, पान खाते आणि मोठ्याने बोलते. मालूच्या पोटावर हात ठेवून तिने सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाय, पोर मामावर गेला तं हसाचा नाय, आताच सांगून ठेवते." दोघी बराच वेळ हसत होत्या.

मी तिला सांगितले की माझी पत्नी भामा गेल्या आषाढात प्रसूतीच्या वेळी गेली आणि मूलही गेले. म्हणून मी अधिक विचारपूस करतो, त्याचा राग मानू नये. मालू आणि तिचे मूल सुखरूप राहावे, एवढे एकच काम आता माझ्यापाशी उरले आहे. ते मी नीट पार पाडीन.

२० डिसेंबर

मालूने बाळंतविड्याचा विषय काढला. अंगडी, टोपडी, कुंची, दुपटी हे सर्व ती जुन्या मऊ लुगड्यांतून शिवणार आहे. परंतु पांघरूण लोकरीचे हवे, असे तिला वाटते. मी भामेची ट्रंक उघडली.

भामा मिशनच्या शाळेत विणकाम शिकली होती. ती डावखुरी होती, आणि विणताना थांबली की मोकळी सुई अंबाड्यात खोचून ठेवीत असे. आमच्या बाळासाठी तिने पिस्त्याच्या रंगाच्या लोकरीचे पांघरूण आरंभिले होते. मधोमध वेणीची वीण. ते निम्मे झाले आणि ती गेली. ते तिच्या ओटीत घालून तिच्याबरोबरच द्यावे, असे नातलग बायकांचे म्हणणे पडले. मला तो विचार असह्य झाला. इतक्या सुंदर वस्तूचा नाश करण्यात कोणते पुण्य आहे, असे मी त्यांस विचारले आणि ती ठेवून घेतली. सुईवरचा एकही टाका निसटू दिला नाही. धागाही तोडला नाही. पांघरूण, सुया आणि गुंडा होते तसेच मलमलीत गुंडाळून ठेवले.

मालूच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनीच्या हातचे तिच्या भाच्याला मिळेल, असे ती म्हणाली. मी तिला एकच अट घातली : धागा तोडू नये, नवी गाठ मारू नये, भामा जेथे थांबली तेथूनच पुढे विणावे.

२७ डिसेंबर

काम मंद गतीने चालले आहे. मालूची वीण भामेच्या विणीइतकी घट्ट नाही. नवा भाग कोठे सुरू होतो, ते हाताला कळते. पूर्वी मी विणकामाकडे लक्ष देत नसे. आता कळंबोलीहून परतल्यावर ओसरीवर बसून सुयांचा आवाज ऐकणे मला आवडते.

ठमाबाईने पांघरूण हातात घेऊन वाखाणले, आणि निम्मे कोणाचे हे कळताच खाली ठेवले. तिच्या माणसांत कोणी जाळे अर्धे विणून वारले, तर घरचे लोक शेवटच्या गाठीपाशी सूत कोयत्याने तोडतात. मगच दुसऱ्याने ते हाती घ्यावयाचे. तिच्या नवऱ्याच्या जाळ्याचे असेच केले होते. येथे धागा तोडला होता का, असे तिने विचारले. नाही, असे मी काहीशा अभिमानानेच सांगितले.

"सायेब, धागा तोडला नाय, तं ती गेली कशी म्हणाची?"

मग तीच हसली. तुम्ही शिकलेली माणसे, तुमच्यात तसे नसेल, असे म्हणून पान लावू लागली. चालीरीतींत असे पुष्कळ काही असते. तरीही वाक्याची रचना लक्षात राहिली.

५ जानेवारी १९५४

एक अप्रिय घटना. शेजारच्या मांजरीचे एक पिल्लू मालूच्या खोलीत येऊन लोकरीच्या गुंड्यावर झोपत असे. आज दुपारी ते मेलेले आढळले. लोकर त्याच्या गळ्याभोवती इतकी आवळली होती की डोळे बाहेर आले होते आणि जीभ दातांखाली तुटली होती. खेळताना गुरफटले असावे, असे मी मालूस समजावले. परंतु मी स्वतः तो धागा सोडवला आहे. तो गुंतलेला नव्हता. त्याचे वेढे शेजारी-शेजारी, सारखे, नीट घातलेले होते.

पिल्लास पेरूच्या झाडाखाली पुरले. लोकरीवर रक्ताचा डाग नाही.

११ जानेवारी

दुपारी घरी परतलो तो मालू भिंतीस टेकून बसली होती आणि एक सुई तिच्या उजव्या तळव्यातून आरपार गेली होती. टोक हाताच्या मागच्या बाजूस बाहेर आले होते. ती रडत नव्हती. डावा हात पांघरुणावर फिरत होता. मी सुई ओढून काढली तेव्हा मात्र ती किंचाळली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मीच ती खुपसली होती. तिला काही आठवत नाही. डोळा लागला होता, एवढेच सांगते.

सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे थारोळे होते. ते मी पुसले. पांघरूण तपासले. ते स्वच्छ आहे आणि पुष्कळ वाढले आहे. नवा भाग कोठे सुरू होतो, ते आता हाताला कळत नाही.

१५ जानेवारी

गावातील डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली. बाळंतपणाच्या आधी काही स्त्रियांचे मन असे कातर होते, असे सांगून झोपेचे औषध दिले. त्यांचे म्हणणे मला पटले. मालूचा उजवा हात निकामी असल्यामुळे विणकाम आपोआप थांबेल, असे मी धरून चाललो होतो.

ते थांबलेले नाही. आज मी दारात उभा राहून पाहिले. ती डाव्या हाताने विणते. मालू डावखुरी नाही. ओळ संपताच तिने मोकळी सुई उचलली आणि अंबाड्यात खोचली.

मी आत गेलो नाही. किती वेळ दारात उभा होतो, ते सांगता येणार नाही. खोलीत ऊन होते.

१९ जानेवारी

हे लिहिणे योग्य की अयोग्य, हे ठरवता येत नाही. परंतु आजवर मी या वहीत असत्य लिहिलेले नाही.

मालू मला दादा म्हणते. जन्मापासून दुसरे काही म्हटलेले नाही. आज दुपारी मी ओसरीवर कोट काढीत असता आतून हाक आली : "अहो."

पुन्हा आली. मग त्या आवाजाने विचारले की मी अजून वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतो का. ही सवय मी लोकांसमोर पाळीत नाही. ती एकाच व्यक्तीस ठाऊक होती.

मी आत जाऊन खाटेपाशी बसलो. तिने वर पाहिले नाही. सुया चालू होत्या. ती बोलत राहिली. कोटाचे बटण तुटले आहे, मी वाळलो आहे, दाढी नीट करीत नाही. मी होय म्हणत राहिलो. आषाढापासून माझ्याशी असे कोणी बोललेले नाही.

दिवेलागणीस मालूने दादा म्हणून हाक मारली आणि दोन्ही दंड दाखवले. त्यांवर बोटांचे काळेनिळे वळ आहेत. कोणी धरले, ते तिला ठाऊक नाही.

२४ जानेवारी

हल्ली मी दुपारीच घरी येतो. मिठागरावरचे काम बळीराम पाहतो. मी निघताना तो मला निरखून पाहतो.

भामा दुपारी येते. घराबाहेरून येत नाही. विणकाम सुरू झाले की येते. तिचा स्वभाव पूर्वीचाच आहे. थोडी अधिक घाई आहे. मालूचा जखमी हात आड आला की ती तो सुईने टोचून बाजूस करते, जसे आपण पानावरची माशी हाकलतो. एकदा मी तिला तसे न करण्याविषयी विनवले. तेव्हा तिने मालूच्या मांडीत सुई खोल दाबली आणि माझ्याकडे पाहिले.

२९ जानेवारी

सकाळी मालूने माझे पाय धरले. तिला सर्व समजले आहे. ती म्हणाली, "दादा, वहिनीला माझं बाळ हवंय. मला भुसावळला पाठव, नाहीतर तो धागा तोड. आत्ताच तोड."

मी तिला वचन दिले. बळीरामास मोटार ठरवण्यास सांगितले. कमळाकररावांस तार करण्यासाठी मजकूरही मनात जुळवला. कात्री आणण्यास आत गेलो, तो सुया वाजू लागल्या होत्या.

भामेने फक्त विचारले, "पुन्हा पाठवता मला?"

मोटार नको, असे बळीरामास मी दुपारी कळवले. तार केली नाही. कात्री विहिरीत टाकली. हे सर्व मी केले, दुसऱ्या कोणी नव्हे. म्हणून येथे लिहीत आहे.

४ फेब्रुवारी

लोकर संपली. मला वाटले, आता तरी—

ती केसांनी विणते आहे. मालूच्या केसांनी. मूठभर केस धरते आणि मुळासकट उपटते. टाळूची कातडी त्याबरोबर निघते. पीळ भरते, पिस्ता धाग्याला जोडते, विणते. वेणीची वीण आता काळी दिसते. मध्येच मालू भानावर येते आणि ओरडते. मग पुन्हा सुया.

शेजारीण विचारण्यास आली होती. पोटात दुखते, असे सांगून मी तिला परत पाठवले.

ओरडणे कानी पडू नये म्हणून मी ओसरीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. मागच्या पानापासून.

९ फेब्रुवारी

ठमाबाई बोलावल्यावाचून आली. बाळंत होताना गेलेली बाई बाहेरून येते, उंबरा ओलांडते, असा तिचा समज. तिने उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकले, अंगणभर राई टाकली. दाणे वेचता वेचता ती तेथेच अडकेल, असे मला बजावले. मी तिला सांगू शकलो असतो की भामा आतच आहे. सांगितले नाही.

ठमाबाई आत गेली. मालूचे डोके पाहून तिने अभद्र शिवी हासडली आणि पांघरुणाला हात घातला.

सुई गालातून गेली. दुसऱ्या गालातून बाहेर आली. तोंड मिटता येईना, म्हणून ती ओरडूही शकली नाही. फक्त रक्त आणि पानाची लाळ हनुवटीवरून. भामेने ती सुई शांतपणे परत ओढून घेतली, लुगड्यास पुसली, टाका घातला. दुसऱ्या वेळी डोळा.

मी मधे पडलो नाही.

१० फेब्रुवारी

बळीराम आला. आई जगेल, एक डोळा गेला. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि खांद्यावरचा कोयता माझ्या टेबलावर आपटला. लाकडात रुतला.

"धागा तुमचा, न बायको तुमची. तुमीच तोडा. नाय तोडलाव तं मी येतो, न मंग पैले तुमालाच तोडतो."

आता या घरी कोणी येणार नाही.

११ फेब्रुवारी

भामा प्रसन्न आहे. ती म्हणाली, शेवटची ओळ राहिली आहे, आणि मग बाळ आपले.

मालूचे काय, असे मी विचारले.

तिने मालूच्या तोंडाने हसून सांगितले की मालू रिकामी झाली की तिचे काही काम नाही.

मी ऐकले. मला पूर्ण समजले. पुढे कोणी, मला कल्पना नव्हती, असे म्हणू नये. मला कल्पना आहे.

१२ फेब्रुवारी

कोयता लाकडातून काढला. धार चांगली आहे. आत गेलो. मालू शुद्धीवर होती. ओठ फाटले आहेत. बोलता येत नव्हते, मान हलवून होय म्हणत होती. होय, होय.

धागा हातात धरला. ऊबदार होता. नाडी लागावी, तसा.

परत आलो. उद्या.

१३ फेब्रुवारी, सकाळ

कळा सुरू झाल्या. डॉक्टरांस बोलावले पाहिजे. उठतो—

दुपार

गेलो नाही. तिने जाऊ नका म्हटले.

आत काय चालले आहे ते मी पाहत नाही. आवाज आहेत. खाटेचा एक पाय मोडला. रक्त दाराखालून ओसरीवर येत आहे आणि रक्ताबरोबर धागाही. पिस्ता, मग काळा. माझ्या खुर्चीपर्यंत आला आहे. पायाजवळ आहे. वाकलो तरी हात पोहोचेल. कोयता टेबलावर, दौतीशेजारी.

मूल रडले.

जिवंत आहे. मोठ्याने रडते.

"दादा, तोड."

मालूचा आवाज. तिचाच. पुन्हा— "दादा."

सुया थांबलेल्या नाहीत.

"अहो, मुलगा आहे. चारच टाके राहिलेत. आत या ना."

धागा हलतो आहे, आत ओढला जातो आहे. कोयता उचलण्यासाठी मला केवळ लेखणी खाली ठेवावयाची आहे. हे लिहीत आहे, म्हणजे ती अजून हातात आहे. ठेवतो.

मालू आता— नाही. तिचा आवाज नाही.

मूल रडते आहे. अजून वेळ आहे. एका घावात तुटेल. ठेवतो, आत्ता ठेवतो, हे एवढे वाक्य पुरे झाले की लगेच लेखणी खाली—

रडणे थांब